चार टीबीची डिस्क, बेचाळीसशे रुपये: घ्यायची की नाही?

(भंडाऱ्यात तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला ‘डिजिटल साक्षरता’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतकं माझं वाचन नाही. मी भंडाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं सेंटर चालवते. शिष्यवृत्ती, प्रवेश, जात पडताळणी, पीक विमा, जे येईल ते. म्हणून मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. हार्ड डिस्क. आणि तीही एकच डिस्क, जी मागच्या उन्हाळ्यात आम्हाला निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. ती घ्यायची की नाही हे ठरवायला आम्हाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही काय काय तपासलं, ते सांगते. तुमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी हा निर्णय घ्यावा लागणार आहे.

आधी डिस्क कशासाठी हवी होती ते ऐका.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर तुम्हाला आठवत असेल. वरून मध्य प्रदेशातल्या धरणांचं पाणी सुटलं आणि आपल्या शहरातल्या वस्त्यांमध्ये शिरलं. लोक जीव वाचवून बाहेर पडले, गाद्या-भांडी नंतर पुन्हा आली. पण पलंगाखालच्या लोखंडी पेटीतले कागद गेले. निकाहनामे, घरपट्टीच्या पावत्या, दादा-परदादांचे शाळेचे दाखले. पुढची दोन वर्षं माझ्या सेंटरवर लोक ते ओले होऊन वाळलेले, एकमेकांना चिकटलेले कागद घेऊन यायचे.

आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. जात पडताळणीसाठी ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे आजोबांचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, असं काहीतरी. मोहल्ल्यातल्या एका मुलीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन यावर अडलं. तिच्या दादांचा दाखला पुरात धुऊन गेला होता आणि ते कोणत्या गावच्या शाळेत होते हे घरात कुणालाच सांगता येईना. शेवटी तिच्या चुलतभावाच्या जुन्या मोबाइलमध्ये त्याच दाखल्याचा एक फोटो सापडला. धूसर होता, पण शाळेचं नाव आणि रजिस्टरचा क्रमांक वाचता येत होता. तेवढ्यावर शाळेतून नवी प्रमाणित प्रत निघाली.

एक लक्षात ठेवा, स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. समितीपुढे स्कॅन चालत नाही. पण मूळ कागदापर्यंत पुन्हा पोचायचा रस्ता त्यातच असतो. डिजिलॉकरमध्ये आजची मार्कशीट मिळेल, १९५० सालचा दाखला तिथे मिळणार नाही. तो आपल्यालाच जपायचा आहे.

त्यानंतर आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं, मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरातले कागद स्कॅन करायचे. सोबत म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या. कोण कुठून आलं, कुठे शिकलं, कुठे राबलं.

आणि इथे माझी पहिली चूक झाली.

२०२२ च्या दिवाळीच्या सेलमध्ये मी ऑनलाइन एक छोटी, चकचकीत डिस्क मागवली. दोन टीबी, तेराशे रुपये. संगणकाला लावली तर दोन टीबी दिसली. आम्ही खूश. स्कॅन टाकले, मुलाखती टाकल्या, मोबाइल रिकामे केले. त्यात एका चाचांची मुलाखत होती. उमेदीची सगळी वर्षं तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत काढलेली. दीड तास बोलले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले. चाळिसाव्याला त्यांची मुलगी म्हणाली, “बाजी, अब्बांचा आवाज ऐकवा ना.” मी डिस्क लावली. फाइलीचं नाव होतं. फाइलीचा आकारही दिसत होता. फाइल उघडली नाही. त्या महिन्यातली एकही मुलाखत उघडली नाही.

नंतर डिस्क खोलून पाहिली. आत नखाएवढं मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं होतं, चौसष्ट जीबीचं. संगणकाला दोन टीबी असल्याचं खोटं सांगायची सोय त्यात केलेली होती. जागा भरली की अशी डिस्क तक्रार करत नाही, ती पुढचं मुकाट्याने घेते आणि फेकून देते. परत करायची मुदत सात दिवसांची होती, मी जवळजवळ दीड वर्षाने उघडत होते. विक्रेत्याचं ऑनलाइन दुकान तोवर बंद झालेलं. बिलही मी कधी उतरवून ठेवलं नव्हतं.

त्या मुलीला मी काय सांगितलं ते इथे सांगत नाही. पण स्कॅन घरांतले कागद शिल्लक होते म्हणून पुन्हा करता आले. चाचांचा आवाज पुन्हा करता आला नाही.

म्हणून या वेळी आम्ही घरटी सत्तर रुपये वर्गणी काढली. एकशेचाळीस घरं, नऊ हजार आठशे रुपये. यात बिडी वळणाऱ्या बायकांचे पैसे होते. कागद लोकांचे, पैसे लोकांचे. दोन्ही अमानत.

तेवढ्यात नागपूरहून एका ओळखीच्याचा निरोप आला. चार टीबीची, नामांकित कंपनीची डिस्क, बेचाळीसशे रुपयांत. अशी नवी डिस्क तेव्हा दहा हजारांच्या आसपास होती. आमच्यातले अर्धे म्हणाले, लगेच घ्या, उरलेल्या पैशांत स्कॅनर येईल. अर्धे म्हणाले, नको, आपल्याला एकदा चटका बसलाय. मी म्हटलं, ‘घ्या’ आणि ‘नको’ ही दोन्ही आपली मनं बोलताहेत. आधी पाहू या.

पहिला प्रश्न, आपल्याला जागा किती लागते? हा प्रश्न डिस्क बघायच्या आधी विचारायचा, कारण सूट बघितली की गरज आपोआप वाढते. आम्ही वहीत मांडलं. घरं एकशेचाळीस, घरटी सरासरी साठ कागद, म्हणजे आठ हजार चारशे पानं. तीनशे डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेलं एक पान आमच्याकडे जास्तीत जास्त दोन एमबीचं होतं. झाले सतरा जीबी. पेन ड्राइव्हमध्ये मावतील एवढे! मुलाखती बावीस तासांच्या होणार होत्या. मोबाइलचा एक तासाचा फुल एचडी व्हिडिओ साधारण आठ जीबी धरला, तर एकशे शहात्तर. सगळं मिळून दोनशे जीबीच्या आत. पुढच्या पाच वर्षांत दुप्पट झालं तरी चारशे.

मग भाव काढू या. चार टीबी बेचाळीसशेला, म्हणजे जीबीमागे एक रुपया. एक टीबीची नवी डिस्क सेहेचाळीसशेला, म्हणजे जीबीमागे साडेचार रुपये. स्वस्त वाटते ना पहिली? पण आम्ही वापरणार दोनशेच जीबी. त्या दोनशेने भागलं तर पहिली जीबीमागे एकवीस रुपये आणि दुसरी तेवीस. सगळी सूट आली दोन रुपयांवर. उरलेली सूट आम्ही न वापरणार असलेल्या जागेवर होती.

जागेचंच निघालंय तर एक सांगून ठेवते. एक टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. चार टीबीला ३.६३ दिसलं तर घाबरू नका. माझ्या त्या बनावट डिस्कने मात्र आकडा अगदी व्यवस्थित दाखवला होता. म्हणून आकडा बघणं ही तपासणी नव्हे.

दुसरा प्रश्न, सूट कशावर मोजली? खोक्यावरच्या एमआरपीवर मोजलेली सूट सोडून द्या. त्या किमतीला ती वस्तू कुणी विकतच नसतं. तीन ठिकाणचा आजचा भाव काढा, त्यातल्या मधल्या भावाशी तुलना करा. दहा-पंधरा टक्के कमी असेल तर ती सूट. साठ टक्के कमी असेल तर विचारायचं, का? कारण असू शकतं. जुना माल संपवायचा असेल, वापरलेली असेल. कारण सांगता आलं पाहिजे, एवढंच.

तिसरा प्रश्न त्यातूनच आला. या डिस्कचं वय काय? हार्ड डिस्कच्या आत गोल तबकड्या मिनिटाला हजारो फेरे फिरत असतात. ती गाडीच्या इंजिनासारखी झिजते. आणि तिच्यात गाडीसारखाच मीटरही असतो. त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तो वाचता येतो. ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणजे ती किती तास चालली. एका वर्षात ८,७६० तास असतात.

मी त्या ओळखीच्याला म्हटलं, डिस्क घ्यायला येतो, पण आधी लावून बघू. तो भला माणूस, हो म्हणाला. आमचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन नागपूरला गेला. मीटर होता एकेचाळीस हजार तास. भागा ८,७६० ने. चार वर्षं आठ महिने, दिवसरात्र. बहुधा कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डब्यात किंवा सर्व्हरमध्ये आयुष्य काढून आलेली. विकणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं. त्याने कधी लावून पाहिलंच नव्हतं.

मीटरशेजारी आणखी तीन ओळी बघायच्या असतात. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बाजूला टाकलेले भाग. ‘करंट पेंडिंग’ म्हणजे संशयित. ‘अनकरेक्टेबल’ म्हणजे वाचताच न आलेले. तिन्ही शून्य हवेत. हे सॉफ्टवेअर या ओळींतले आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतं, सेटिंगमध्ये जाऊन दहाची पद्धत निवडा. या डिस्कच्या पहिल्याच ओळीत अठ्ठेचाळीस होते.

पण शून्य असलं म्हणजे झालं, असंही नाही. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी ‘स्मार्ट’च्या मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे मीटर वाईट सांगत असेल तर विश्वास ठेवा, चांगलं सांगत असेल तर निश्चिंत होऊ नका.

शिवाय मीटर मागे फिरवता येतो, गाडीचा फिरवतात तसाच. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या ‘हाइझे’ या तंत्रज्ञानविषयक माध्यमाने उघड केलं, की युरोपात दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक सीगेट डिस्का प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या. ‘स्मार्ट’चा मीटर शून्य केलेला होता. पण कंपनीने आत ठेवलेल्या दुसऱ्या नोंदीत, ‘फार्म’ नावाच्या, खरे तास सापडले. कंपनीचं म्हणणं होतं की हा माल आम्ही दुकानदारांना दिलेला नाही. तिथल्या गिऱ्हाइकांनी एकमेकांना आकडे सांगितले, म्हणून गोष्ट बाहेर आली. आपण फसलो की लाजेने गप्प बसतो. मीही वर्षभर गप्प होते.

चौथं, कागद. डिस्कचा नव्हे, विक्रीचा. बाहेरून आलेल्या पॅकबंद वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनली ते, महिना-वर्ष, सगळ्या करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा, असा आपल्याकडे नियम आहे. तो छाप बघा. डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. वॉरंटी भारतात लागू आहे का, कधीपर्यंत आहे, ते तिथे कळतं. सीरियल नंबरसह जीएसटीचं बिल घ्या. ‘बिल नको असेल तर दोनशे कमी करतो’ म्हणाला, तर ते दोनशे तुमच्या तक्रारीच्या हक्काची किंमत आहे. नागपूरच्या डिस्कला खोकं नव्हतं, बिल नव्हतं, सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ होती, तीही तोंडी.

बिल असेल तर रस्ता आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि महिन्याच्या आत निकाल लावावा, असा २०२० चा नियम आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि वकील हवाच असंही नाही. मुदत दोन वर्षांची. दीड वर्षाने माझी मुदत संपलेली नव्हती. माझ्याकडे कागद नव्हता.

पाचवं, घेतल्यावर काय करायचं. आपल्याकडे धानाचा व्यापारी पोतं बाहेरून बघून भाव देत नाही. टोकदार नळी खुपसतो, तळातले दाणे काढतो, दातांखाली धरतो. डिस्कचं तसंच. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून जुळवून बघतं. एक टीबीच्या फिरत्या डिस्कला सहा-सात तास लागतात. आपल्याकडे लाइट जाते, म्हणून लॅपटॉपवर आणि रात्री लावा. हे परतीची मुदत संपायच्या आत करायचं. दोन टीबीची म्हणून घेतलेली माझी डिस्क एका रात्रीत पकडली गेली असती.

आणखी एक गोष्ट पटकन सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. काही डिस्कांमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, आपल्या घरावरच्या कवेलूंसारख्या. एक कवेलू बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात. त्यामुळे अशी डिस्क पुन्हा पुन्हा लिहायला हळू असते. याला एसएमआर म्हणतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्या काही डिस्कांबद्दल हे गिऱ्हाइकांना सांगितलं नव्हतं, त्यावरून बराच गदारोळ झाला. आपल्यासाठी, म्हणजे एकदा लिहायचं आणि जपून ठेवायचं अशा कामासाठी, ती चालते. रोज व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने मात्र विचारून घ्यावं.

आता निर्णय. आम्ही चार टीबीची डिस्क घेतली नाही.

ती वाईट होती म्हणून नव्हे फक्त. वापरलेली डिस्क घेणं हा गुन्हा नाही. तीन ओळी शून्य असतील, तास कमी असतील, विकणारा खरं सांगत असेल, तर सिनेमे ठेवायला, शिकायला, तिसरी प्रत म्हणून खुशाल घ्या. माझ्या सेंटरमध्ये आजही दोन जुन्या डिस्का आहेत. पण तिच्यावर एकटीवर एकशेचाळीस घरं ठेवायची नाहीत. आणि खरी गोष्ट ही, की कुठल्याच एका डिस्कवर ठेवायची नाहीत. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कांचे आकडे २०१३ पासून जाहीर करते. त्यांच्याकडे वर्षाला साधारण शंभरात एक-दोन डिस्का जातात. चांगल्या, नव्या, एसी खोलीतल्या. आपल्या मेच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत काय होईल, तुम्हीच सांगा.

मग आम्ही एक टीबीच्या दोन नव्या डिस्का घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक इथल्याच दुकानातून, सेहेचाळीसशेला. दुसरी ऑनलाइन, एकोणपन्नासशेला. दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी आणि बिल. दोन्हींना रात्रभर एचटूटेस्टडब्ल्यू लावलं. एक डिस्क माझ्या सेंटरवर असते. दुसरी दुसऱ्या वस्तीत, एकाच्या घरी, वरच्या मजल्यावर. पूर एकाच वेळी दोन्हीकडे पोचू नये म्हणून. प्रत्येक घराचे कागद त्या त्या घराच्या मोबाइलवरही दिले आहेत. ती तिसरी प्रत.

डिस्कवर लोकांची आधार कार्डं आहेत, म्हणून व्हेराक्रिप्टने कुलूप लावलं. पासवर्ड दोघांना माहीत आहे आणि एका बंद पाकिटात लिहून ठेवला आहे, कारण तो विसरला तर कागद पुन्हा गेलेच. जुनी डिस्क विकताना नुसतं क्विक फॉर्मॅट करू नका, त्याने माहिती जात नाही. एकदा पूर्ण भरून पुसा, मग द्या.

वर्गणीतले तीनशे रुपये उरले. त्यातून एक वही आणली. त्यात दर सहा महिन्यांनी तारीख लिहायची, दोन्ही डिस्का लावायच्या, प्रत्येक फोल्डरमधली एक फाइल प्रत्यक्ष उघडून बघायची आणि सही करायची. नाव दिसणं म्हणजे फाइल असणं नव्हे, हे मी महागात शिकले आहे. खर्चाचं बिल त्याच वहीत चिकटवलं आहे. ज्याने सत्तर रुपये दिले तो कधीही येऊन बघू शकतो. काही जण येऊन बघून गेलेही. एका खालांनी विचारलं, “बेटा, स्वस्तातली मिळत होती म्हणे, ती का नाही घेतली?” मी त्यांना एकेचाळीस हजार तासांचा हिशोब करून दाखवला. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्याएवढीच दमलेली होती.”

बैठक संपल्यावर ज्यांच्याकडे जुनी-नवी डिस्क आहे त्यांनी मागच्या टेबलावर या. लॅपटॉप आणला आहे. मीटर वाचायला पाच मिनिटं लागतात. आणि ज्यांच्या घरात अजून दादा-दादी आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, तुम्ही कोणत्या गावच्या, कोणत्या शाळेत होतात? उत्तर रेकॉर्ड करा. मग ते दोन ठिकाणी ठेवा.